खाली काहीच नसलेला कागद

"तुमची काही चूक नाही हो, ट्रेसरबाई," असं त्या तरुण इंजिनिअरने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, हा आता गप्प बसला तर बरं होईल. एकदाच सांगितलं असतं तर धीर आला असता. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती आपली चूक शोधायला लागली. झालं होतं एवढंच, की दवाखान्यामागच्या गल्लीत पाण्याची मोठी लाइन फुटली होती. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह नकाशात गल्लीच्या डाव्या कडेला दाखवलेला, म्हणून माणसांनी तिथे दीड दिवस खणलं आणि मातीशिवाय काही निघालं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरच्या डोक्यात उजेड पडला आणि व्हॉल्व्ह सापडला तो उजव्या कडेला, लाँड्रीच्या पायरीशी, डांबराखाली गाडला गेलेला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, 'अनुरेखक' असं छापलेल्या चौकटीत, तिची सही होती. एकोणतीस वर्षांपूर्वीची, बारीक, सरळ. इंजिनिअर रेकॉर्डच्या खोलीत आला, तिने हा नकाशा ज्या पेन्सिलीच्या मूळ नकाशावरून गिरवला होता तो त्याने मागितला, आणि तिने तो तळच्या लांब खणातून दोन मिनिटांत काढून दिला. मूळ नकाशातही व्हॉल्व्ह डावीकडेच होता. "बघा," तो खुशीत म्हणाला, "सर्व्हेवाल्याने घोळ घातला. तुम्ही काय कराल? खाली जे होतं तेच तुम्ही वर काढलंत." मग दोन्ही कागद गुंडाळून तो निघून गेला. जाताना दार नीट लावून गेला, कारण मुलगा सभ्य होता.

तिने खण ढकलून बंद केला. पाणीखात्यात ती तेहतीस वर्षं होती, निवृत्तीला दोन उरली होती. आधी काचेच्या टेबलांचा पूर्ण हॉल होता, काचेखाली दिवे, सोळा जणी ओणव्या होऊन गिरवायच्या. मग कॉम्प्युटर आले, काचा निघाल्या, सोळा जणी पांगल्या, आणि ही एकटी रेकॉर्डच्या खोलीत आली. काम आता जुने नकाशे शोधून देण्याचं होतं, तरी लोक तिला ट्रेसरबाईच म्हणत. 'यांचा हात म्हणजे यंत्र,' असं एका जुन्या साहेबाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ते तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं आणि नंतर कितीतरी वर्षं आतल्या आत पुरवून पुरवून वापरलं होतं. आज ते वाक्य आठवलं आणि दाताखाली खडा आल्यासारखं झालं. कारण चार वाजण्याच्या सुमारास, मधल्या टेबलावर डबा धुऊन उपडा ठेवताना, तिला व्हॉल्व्हवरचं ते झाकण आठवलं. लोखंडी, गोल, मधे दोन भोकं. लाँड्रीच्या पायरीशी. लग्नानंतरची पहिली चार वर्षं ते दोघं त्याच भागात एका खोलीत राहत होते आणि ऑफिसला जायचा तिचा रस्ता त्या गल्लीतूनच होता. एकदा झाकणाच्या भोकात तिच्या सँडलची टाच अडकली होती, ती एका पायावर उभी राहून ओढत होती, आणि लाँड्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बाहेर येऊन हसला होता. तेच दिवस. सकाळी त्या झाकणावर पाय देऊन ती ऑफिसात जात होती आणि दुपारी त्याच गल्लीचा नकाशा काचेवर ठेवून व्हॉल्व्ह डावीकडे काढत होती. हात जरासुद्धा अडखळला नव्हता. इंजिनिअर म्हणाला ते खरंच होतं, सर्व्हेवाल्याची चूक होती. पण सर्व्हेवाला त्या गल्लीत एखादा दिवस आला असेल. ती रोज जात होती.

संध्याकाळी ती बसमधून दोन थांबे आधीच उतरली. उतरायचं असं काही ठरवलं नव्हतं. चित्रकलेच्या सामानाचं ते दुकान खिडकीतून दिसलं आणि ती उठली. वीस वर्षं हे दुकान तिला येता-जाता दिसत होतं. काचेमागे लाकडी हात, बोटं वाकवता येणारा, आणि रंगांच्या नळ्या उतरंडीसारख्या रचलेल्या. आत ती कधी गेली नव्हती. ऑफिसचं सामान भांडारातून यायचं: शाईची पेनं, गिरवायचा कागद, पाच एच, चार एच, फार तर दोन एचच्या कडक पेन्सिली. आता दार ढकललं तेव्हा लाकूड, तेल आणि नव्या कागदाचा वास एकदम नाकात शिरला आणि तिला उगाच वाटलं, आपण चपला बाहेर काढायला हव्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे एक बाई बसली होती, चाळिशीची, केस वर बांधून त्यातच पेन्सिल खोचलेली. ती एका बिलाच्या मागे काहीतरी खरडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघा बघा, हवं ते बघा."

समोरच एक पेटी उघडी मांडली होती. लाकडी, आत तीन मजले, बहात्तर पेन्सिली, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अशा लावलेल्या की मधे कुठे एक रंग संपून दुसरा सुरू होतो ते कळू नये. पेटीकडे बघून तिला हाव सुटली, साधी सरळ हाव, मिठाईच्या दुकानापुढे सुटावी तशी. ही पेटी घेतली की आपण चित्र काढणारे होऊ. घेतली नाही तर नाही. तिने मागे चिकटवलेली किंमत पाहिली आणि कुणाचं झोपलेलं मूल ठेवावं तशी पेटी अलगद खाली ठेवली. मग शेल्फावरचे कागद पाहिले. जाड, कडा फाटलेले, कापसासारखे. एकेक कागद वेगळा विकायचा. हे कोण घेतं? आणि घेतल्यावर त्यावर पहिली रेघ मारायला कुणाचा हात धजतो? तिने एका कागदावरून बोट फिरवलं. खरखरीत होता. तिच्या कागदाला कधी असा दाणा नव्हता; तो गुळगुळीत, पाण्यासारखा, खालचं सगळं दाखवणारा. हा कागद उजेडासमोर धरला तरी पलीकडचं काही दिसलं नसतं.

"कुणासाठी हवंय?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"भाचीच्या मुलीसाठी," ती चटकन म्हणाली. तिच्या भाचीला मुलगी नव्हती. भाचीचं लग्नही झालं नव्हतं.

"किती वर्षांची?"

"सहा."

"मग तिकडे नका बघू, ते सगळं मोठ्यांचं." बाई उठली, भराभर तीन-चार वस्तू काउंटरवर ठेवल्या. मेणाचे खडू. हत्तीचं चित्र असलेली रंगवायची वही. आणि एक चपटं खोकं, त्यात प्लॅस्टिकची पाटी, पाटीच्या पोटात छोटा दिवा. "हे बघा, हे फार खपतं. यात चित्रं येतात सोबत. खाली चित्र ठेवायचं, वर कागद, बटण दाबायचं, की खालचं सगळं वर दिसतं. मग नुसतं गिरवायचं. मुलांना वाटतं आपणच काढलं." बाईने बटण दाबलं. पाटी उजळली. पाटीवर घोडा होता.

घोडाच असावा, दुसरं काही नसावं, हा योगायोग तिला पुढे कितीतरी दिवस पटला नाही. शाळेत चौथीत असताना स्पर्धेसाठी तिने घोडा काढला होता. काढला म्हणजे, दुपारी घरात सगळे झोपलेले असताना एका मासिकाचं पान खिडकीच्या काचेला लावलं, त्यावर आपला कागद धरला, आणि पलीकडच्या उन्हात घोडा जसा उगवला तसा तो पेन्सिलने धरून ठेवला. दोन्ही हात वर करून खांदे भरून आले होते. घोड्याला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी तो वर्गावर्गात फिरवला, आई-बाबांनी शेजारच्यांना दाखवला, मामांनी म्हटलं, "पोरीच्या हातात कला आहे," आणि पुढे याच मामांनी पाणीखात्यात शब्द टाकून तिला काचेच्या टेबलाशी बसवलं. बक्षीस म्हणून रंगांची डबी मिळाली होती. ती तिने उघडलीच नाही. रंग लावायचे तर आधी चित्र काढायला हवं, आणि कुणी म्हटलं असतं, काढ बरं एक घोडा आमच्यासमोर, तर? डबी महिनाभर कपाटात राहिली, मग धाकट्या बहिणीने मागितली आणि तिने देऊन टाकली. सगळे म्हणाले, किती समंजस आहे. धाकटी त्या रंगांनी पाय नसलेल्या गाई, घरापेक्षा मोठी माणसं, तिरकी झाडं काढत सुटली आणि आठ दिवसांत डबीचा चिखल केला.

"नको," ती म्हणाली. आवाज मनात होता त्याहून मोठा निघाला. "ते नको. बंद करा ते."

बाईने बटण दाबलं. घोडा विझला.

"मुलगी वगैरे नाहीये," तिने सांगून टाकलं. "मलाच हवंय. मला चित्र काढायचंय. येत नाही."

काउंटरवरची बाई हसली नाही, हे तिला आवडलं. बाईने खडू, वही, पाटी सगळं एका हाताने बाजूला सारलं, जेवणानंतर ताटं सारतात तसं. "मग असं सांगा ना. कधी काही काढलंय?"

"कित्येक वर्षं नकाशे गिरवलेत."

"म्हणजे हात स्थिर आहे."

"फार स्थिर आहे," ती म्हणाली. "तीच पंचाईत आहे."

बाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग केसातली पेन्सिल काढली आणि बिलाच्या मागे एक रेघ ओढली. फिकी, मग दाबून काळी, मग पुन्हा फिकी. "ही फोर बी. तुम्ही कुठल्या वापरायचात?"

"एच. दोन एचच्या खाली कधी उतरले नाही."

"बापरे. एच म्हणजे खिळाच की." बाईने तिच्या हातात पेन्सिल दिली. "बघा."

तिने सवयीने हलक्या हाताने, समान दाबाने, सरळ रेघ ओढली. रेघ सरळ आली, पण रेघेच्या कडा फुटल्यासारख्या झाल्या, आणि तळहाताची कड लागून अर्धी रेघ पुसटली. कागदावर करडा डाग पडला, हातावरही. तेहतीस वर्षांत तिच्या हाताला शाईचा ठिपका लागला नव्हता. तिने डाग बोटाने चोळला, तो आणखी पसरला. पेन्सिल कागदावर चालत नव्हती, विरघळत होती. एचच्या पेन्सिलीचं टोक बारीक आवाज करत जायचं, नख ओढल्यासारखं. हिचा आवाज जवळजवळ नव्हताच, लोण्यात सुरी जावी तशी ती गेली. तिने जरा दाबलं. रेघ लगेच काळी झाली. दाबलं म्हणजे आपण दाबलं हे दिसतं, एवढ्याशा गोष्टीने तिला कानकोंडं झालं, कुणी आपलं बोलणं आडून ऐकत असल्यासारखं.

"ती लाकडी पेटी..." तिने विचारलं.

"ती मी विकायला ठेवलीय, तुम्हाला नाही. पेटी घेणारे दोन महिन्यांनी ती कुणाला तरी भेट देतात. हे बघा, तीन पेन्सिली. एचबी, टू बी, सिक्स बी. बस्स. एक खोडरबर, हा मळता येणारा, कणकेच्या गोळ्यासारखा. याने पुसायचं कमी आणि कागदावरचा काळेपणा उचलायचा जास्त. पेन्सिल तासायला ब्लेड घरी असेलच. रंगाचं नावही काढायचं नाही सहा महिने."

"आणि कागद?" ती त्या जाड कागदांकडे बघत होती.

"तो नाही." बाई खाली वाकली आणि काउंटरखालून एक जाडजूड वही काढली, पिवळट, वर्तमानपत्राच्या कागदाची, वरून स्प्रिंग लावलेली. "स्वस्तातला स्वस्त घ्या. महाग कागदाची भीती वाटते. याची नाही वाटणार. शंभर पानं आहेत, शंभरच्या शंभर वाया घालवा, मग या. आणि खालचं काही बघायला जाऊ नका, हा पारदर्शक नाहीये."

हे बाईने सहज म्हटलं होतं, की समजून, ते तिला कळलं नाही. पिशवी हलकी होती. बहात्तर रंगांच्या पेटीची हाव इतकी जोरात होती, की तीन पेन्सिलींची ही पिशवी घेऊन बाहेर पडताना आपल्याला कुणीतरी वाटेला लावलं असं तिला वाटत राहिलं. पण बसथांब्यावर तिने पिशवीत हात घालून तो रबराचा गोळा दाबला, आणि बस येईपर्यंत दाबत राहिली.

नवरा दारातच होता. निवृत्त होऊन त्याला पाच वर्षं झाली होती. तीस वर्षं त्याने एकाच मार्गावर बस चालवली आणि आता तो घरातल्या घरात सतत कुठेतरी जायला निघाल्यासारखा वावरायचा. "उशीर केलास?" असं म्हणून त्याने पिशवी घेतली आणि आत डोकावला. "ऑफिसचं घरी आणायला लागलीस की काय?"

"माझं आहे. चित्र काढणार आहे मी."

"बरं," तो म्हणाला, आणि पिशवी टेबलावर ठेवून भात लावायला गेला. एवढंच. तिने वाटेत चार-पाच उत्तरं तयार करून ठेवली होती, ती सगळी फुकट गेली.

जेवणं झाल्यावर तिने वही उघडली. पिवळट पान, मधे काही नाही. दिवा वरून होता, खालून नव्हता. ती बराच वेळ बसली. काचेच्या टेबलाशी पहिल्या दिवशी बसली होती तेव्हाही पेन टेकवायचा धीर होत नव्हता, पण तेव्हा मोठ्या बाईंनी खालचा कागद सरळ करून दिला आणि म्हटलं होतं, "घाबरायचं काय त्यात? आहे तिथेच तर जायचंय." त्या वाक्यावर तिने आयुष्य काढलं होतं. इथे जायचं कुठे? तिने नवऱ्याचा चहाचा कप ओढून समोर ठेवला. कपाचं तोंड गोल असतं, म्हणून तिने गोल काढला. हात स्थिर, गोल चोख. मग दोन बाजू, मग तळ. तळ टेबलावर टेकलाय, टेबल सपाट आहे, म्हणून सरळ रेघ. कान. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"कप कलंडलाय," तो म्हणाला.

"कुठे कलंडलाय? समोर सरळ तर आहे."

"तो सरळ आहे. तुझा कलंडलाय. आतला चहा सांडेल सगळा."

त्याचं खरं होतं. वरून पाहिलं तर गोल, बाजूने पाहिलं तर सरळ. तिने एकाच कपाला दोन ठिकाणांहून पाहून जोडलं होतं. नकाशात असंच असतं, सगळं वरून, कुणीच कुठे उभं नसलेलं. इथे मात्र कुठूनतरी पाहायला हवं होतं, या खुर्चीतून, या उंचीवरून, आपल्याच दोन डोळ्यांनी. आणि तिथून पाहिल्यावर कपाचं तोंड मुळी गोल नव्हतंच, एक बारीकशी लांबट फट होती. तिला कळत होतं, गोल आहे. दिसत होती फट. तिने दुसऱ्या पानावर पुन्हा गोल काढला. तिसऱ्यावर पुन्हा. हात ऐकत नव्हता. तो माहीत असलेलंच काढत होता, जसा गल्लीतल्या झाकणावर पाय देऊन येऊनही समोर मांडलेलंच काढत राहिला होता. सातव्या पानावर फट आली. वाकडी, एका बाजूला जाड, पण आली. आतला चहा आतच राहिला. तिने पेन्सिल ठेवली आणि पाहिलं, तर बोटं, मनगट, बाहीची कड सगळं काळं झालं होतं.

पुढचे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी बसली. कप, किटली, नवऱ्याच्या चपला, नळाची तोटी. बहुतेक वाईटच आलं. वाईट म्हणजे गमतीदार वाईटही नाही, नुसतं मेलेलं, कडक, इस्त्री केल्यासारखं. एके दिवशी तिने बारा पानं ओळीने पाहिली आणि तिला हुंदका आला, छप्पन्नाव्या वर्षी, तोटीचं चित्र बिघडलं म्हणून. इतकं हास्यास्पद होतं ते की हुंदका मधेच थांबला. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. यांचा हात म्हणजे यंत्र, असं मानणाऱ्या लोकांना ती किटली दाखवायची तिची छाती नव्हती. शेवटी तिने धाकटीला फोन केला. धाकटी दूरच्या शहरात राहायची, शाळेत शिकवायची आणि फोनवर नेहमी काहीतरी खात असायची.

"मी चित्रं काढतेय," तिने सांगितलं.

"तू तर आयुष्यभर काढतेयस."

"ते गिरवणं. हे वेगळं." आणि मग तिने गल्लीचं सांगितलं, लोखंडी झाकणाचं, टाच अडकल्याचं, डावीकडचं आणि उजवीकडचं. इंजिनिअरला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं. "मला माहीत होतं गं. रोज बघत होते मी. एकदा नुसतं म्हटलं असतं, साहेब, हे इकडे नाही, तिकडे आहे. पण मला सुचलंच नाही. मनात येऊन गप्प बसले असं नाही. मनात आलंच नाही."

पलीकडे चावणं थांबलं. "ताई, तो घोडाही तू काचेवर ठेवून काढला होतास."

ती खुर्चीत सरकून बसली. "तुला काय माहीत?"

"मी जागी होते. पलंगावर पडून बघत होते. तू टाचा उंचावून उभी होतीस, ऊन कागदातून येत होतं, तुझ्या तोंडावर घोड्याची सावली पडली होती. मला वाटलं, केवढं भारी काम करतेय ताई."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? तू रंगांची डबी दिलीस ना मला. मला वाटलं, गप्प बसायचे दिलेस."

पलीकडे चावणं पुन्हा सुरू झालं. मग धाकटी हसायला लागली, आणि तिलाही हसू आलं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सेहेचाळीस वर्षं तिने जे गाडून ठेवलं होतं ते धाकटीजवळ उघडं पडलेलं होतं, आणि जगाचं काही अडलं नव्हतं. फोन ठेवताना धाकटी म्हणाली, "माणसं काढ. माणसांचं कुणी पटकन तपासू शकत नाही." हा सल्ला चुकीचा निघाला, माणसांचंच सगळ्यात आधी कळतं, पण तो तिने ऐकला.

रविवारी सकाळी तिने नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बसता का जरा समोर?" तो आत गेला आणि पांढरा शर्ट घालून, केस ओले करून विंचरून आला, ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसा. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसला, हात गुडघ्यांवर. "किती वेळ?" "माहीत नाही." "बोललं तर चालेल?" "नको." मग तो बोलला नाही. ती एचबीने सुरुवात करून टू बीवर आली. एकतीस वर्षं या तोंडासमोर ती जेवली होती, आणि आता तिला दिसलं, की डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. की खालचा ओठ मधे किंचित दुमडलेला आहे. की चष्म्याच्या दांडीने कानशिलावर एक घळ पाडली आहे, इतकी खोल की तिथे सावली राहते. हे सगळं ती रोज पाहत होती. तिने घाई केली नाही. नाक लांब झालं, ते राहू दिलं. जबडा नीट बसला. मग कान काढला आणि काढून झाल्यावर मागे रेलून पाहिलं, तर कान भलताच खाली गेला होता, मोठा, बाहेर आलेला, पाळी जवळजवळ जबड्याला टेकलेली. त्याचा कान असा नव्हताच. त्याचा कान लहान होता, डोक्याला चिकटलेला. आपण हे कुठून काढलं ते तिला समजेना. तिने रबराचा गोळा घेतला, मळून त्याला टोक काढलं.

"झालं?" तो उठला, पाठ मोकळी केली, आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.

ती म्हणाली, "थांबा, कान चुकलाय. पुसते आधी."

कप कलंडलाय, असं म्हणणारा माणूस काहीच बोलेना म्हणून तिने वर पाहिलं. त्याने खाली वाकून वही दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"हे बाबा आहेत," तो म्हणाला.

त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले होते. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटोही नव्हता. होता तो एकच, घर बदलताना ट्रंकेत पाणी शिरलं त्यात गेला, असं सासूबाई सांगायच्या. नवरा त्यांच्याबद्दल फारसं बोलायचा नाही. कधी विचारलं तर म्हणायचा, चेहरा नीट आठवत नाही, हात आठवतात.

"अहो, तो चुकून झालाय कान," ती म्हणाली. "तुम्हालाच काढत होते मी."

"असाच होता. लोंबता. मी धरायचो तो, खांद्यावर बसलो की." त्याचा अंगठा कागदावरच्या कानाजवळ गेला आणि टेकायच्या आधी थांबला. "मला वाटत होतं मी विसरलो. कितीदा डोळे मिटून बघितलंय, नुसता शर्ट यायचा समोर." खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती चार-पाचदा खोकून बंद पडली. हातातला रबराचा गोळा तिने पुन्हा गोल करून टेबलावर ठेवून दिला.

"पुसू नकोस," तो म्हणाला. मग, थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात: "फक्त चष्मा नव्हता त्यांना."

तिने त्याच्या हातातून वही घेतली. ते पान तसंच ठेवून मागे उलटलं. नवीन पान पिवळट, खरखरीत. ब्लेडने तिने टू बीचं टोक काढलं, फुंकर मारली.

"मग चष्मा काढा," ती म्हणाली, "आणि बसा परत."

त्याने चष्मा काढून खिडकीत ठेवला. चष्म्याशिवाय त्याला ती धड दिसत नव्हती. डोळे बारीक करून तो आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला, या वेळी ताठ नाही, जरासा पुढे झुकून. ती भुवईपासून सुरुवात करणार होती, तो विचार तिने सोडला. आधी कान घेतला.